सूरमधली दुपारपाळी

जुमा खमीसच्या मनगटाशी बोट ठेवलं
की घरघर लागते.
गावी हा शब्द मरणाआधीचा,
इथे ती थांबली तर आम्ही धावतो.

अभ्यासाच्या तक्त्यात लिहिते:
फिश्चुला, मिनिटाला दोन लिटर.
पुढच्या रकान्यात हृदय. डावी बाजू फुगलेली.

डॉक्टर समजावतात. म्हातारा हसतो,
चाळीस वर्षं गलबतं बांधलेला:
"छोट्या गलबताला मोठं इंजिन लावलं, बेटी,
की आधी सांधे बोलतात."

सही करताना विचारतो,
वाट अरुंद केल्यावर आवाज राहील ना?
बायको गेल्यापासून
हात उशाशी घेऊन तोच ऐकत झोपतो.

मी सुया काढल्या,
कापूस दाबून धरला दहा मिनिटं.
बोटांखाली
बंदर सोडणारं काहीतरी.