सेहेचाळीस

एकच शब्द पडला वाटेत.
काणकोण शाखेतून सत्यवती वेळीप म्हणाली,
"ते कर्ज मंजूर करू नका, जामीनदार फिरलाय,"
आणि फोंड्याला पोचलं,
"ते कर्ज मंजूर करू... ...दार फिर..."
तळावलीकरसाहेबांनी आधी मागे वळून दार बघितलं,
मग सही केली.

दोन लाख दहा हजार.
चौकशीत ती म्हणे, मी सांगितलं होतं.
ते म्हणे, ऐकलं तेच केलं.
दोघंही खरं बोलत होती,
म्हणून बोलावणं मला आलं.

पतसंस्थेच्या तारा मी बघतो. सात शाखा, एक मी.
साडेचारला हिशेब मिटतो
आणि सगळ्या शाखा दिवसभराचं ओझं एकदम ढकलतात:
एक-चौदाचे उतारे, सह्यांचे नमुने,
रिकाम्या जिन्याचं आठ तासांचं चित्रण.
त्या गर्दीत माणसाचा आवाज
वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होऊन
गुपचूप रांगेला लागतो.
फाईल उशिरा आली तरी फाईलच असते.
उशिरा आलेला आवाज टाकून देतात,
पुन्हा मागवत नाहीत.

मी राहतो चोडणला.
रांग म्हणजे काय ते रायबंदरच्या धक्क्यावर रोज बघतो:
चिऱ्यांचा टेम्पो, भाड्याच्या गाडीत नकाशा बघणारे पाहुणे,
फटीफटीतून पुढे सरकणाऱ्या स्कूटर.
रुग्णवाहिका आली की फेरीवरचा बाबुसो
शिट्टीसुद्धा वाजवत नाही, नुसता हात वर करतो,
आणि टेम्पो मागे जातो, कुरकुरत का होईना.
एकदा नवरदेवाच्या गाडीनेही दिवे चमकवून बघितले.
बाबुसोने हात खिशात घातले.

रात्री साडेनऊला राउटर उघडला.
आवाजाच्या प्रत्येक तुकड्याच्या कपाळी
सेहेचाळीस हा आकडा लिहिला.
त्याला वेगळी रांग, सगळ्यांच्या आधी,
पण तिलाही कुंपण: वाटेचा तिसरा हिस्सा, वर नाही.
साहेबांना कॅमेरेही त्याच रांगेत हवे होते.
"चोर दिसायला नको?"
म्हटलं, चोर सकाळीही दिसेल. चित्रातला चोर कुठे पळतो?
ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेचारला
सत्यवतीचा आवाज तसाच, उसवलेला.
तीन दिवस शोधत बसलो. चहा गार, बायकोचे फोन.
मग सापडलं:
फोंड्यातून निघताना कपाळी सेहेचाळीस,
करमलघाट उतरल्यावर शून्य.
मधली तार ज्या कंपनीची
ती दारातच सगळ्यांची कपाळं पुसते.
"तुमच्या करारात नाही ते," तिथला मुलगा म्हणाला,
त्याचा आवाज मात्र अगदी स्वच्छ येत होता.

तेव्हा मीच माझं दार अरुंद केलं, दोन्ही टोकांना.
त्यांची तार जेवढं नेते त्याहून थोडं कमीच सोडायचं,
म्हणजे रांग लागायचीच असेल तर
ती माझ्या दारात लागेल,
जिथे निदान हात वर करायला मी आहे.
फायली वीस मिनिटं उशिरा पोचू लागल्या.
साखळी शाखेने तक्रार केली. केली तर केली.

शुक्रवारी, बरोब्बर साडेचार, मी काणकोणला फोन लावला.
"सत्यवतीबाय, काहीतरी बोला."
"काय बोलू?"
"काहीही."
ती थोडा वेळ गप्प,
मग म्हणाली, नका.
नका. नका. नका.
मी पेन्सिलीने रेघा मारत गेलो.
वीस म्हणाली, वीस पोचले,
शेवटच्याला तर तिला हसू आवरेना, तेही पोचलं.

मग मागून पंखा ऐकू आला, शिक्क्याचा ठप्पा,
आणि तोंड बाजूला करून ती कुणाला तरी म्हणाली,
"रावात मात्शें."
"कोण आलंय?"
"तोच. दोन लाख दहा हजार," ती म्हणाली,
"हप्ता भरायला. दर महिन्याला एक दिवस आधीच येतो."