भोंगा वाजतो तेव्हा

बाहेर पाटी नाही. घरासारखं घर.
पाच खोल्या, पाच जण, आणि सहावी मी.
माझी खोली धुण्याच्या मशीनला लागून,
म्हणून झोपेतही कळतं
कुणाची चादर रात्री दोनदा बदलली.

औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात,
आईनं दिलेल्या क्रुसाशेजारी.
वाकले की दोन्ही एकमेकांवर वाजतात.
मंडळी म्हणतात, मांजर आली.

ऑरलंड मॅकइल्वेन बत्तीस वर्षं
कोलंबिया नदीच्या तोंडावरची वाळू चुकवत
परक्यांची जहाजं आत आणायचा.
आता त्याच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आहे,
जे काही दिसतं ते कडेनं.
म्हणून बोलताना तो भिंतीकडे बघतो.
नव्या माणसाला वाटतं, तुसडा आहे.

लेम्पी हार्यू मासळीच्या कारखान्यात होती.
डाव्या हाताची दोन बोटं अर्धी,
राहिलेली अर्धी सॅमनच्या डब्यात गेली, म्हणायची,
कुणीतरी ओहायोत खाल्ली असतील.

चार वाजता कॉफी. मग दोघं खिडकीशी.
काय येतंय?
हिरवं. तीन क्रेन. लाल बूड बरंच वर आहे.
म्हणजे रिकामं. गव्हाला आलंय. नाव?
ती सांगायची, तो जाड मार्करनं लिहायचा,
ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या.

मी बटाटे सोलता सोलता पाहत होते
खिडकीत नुसतं पांढरं.
नदी नाही, पूल नाही, कुंपणसुद्धा नाही.
टायमी, म्हणत होती लेम्पी. मागून येतंय ते हिल्या.
मग थोड्या वेळानं, साइमा.
तिच्या उशाशी एक फोटो होता,
रबरी एप्रनातल्या अकरा बायका,
मागे पेन्सिलीनं अकरा नावं.
मी बटाटे सोलत राहिले.

फेब्रुवारीत ती गेली, पहाटे, कुणाला न उठवता.
मी तिला आंघोळ घातली. अर्धी बोटंही पुसली,
टोकाशी कातडी लहान बाळासारखी होती.
मुलगी स्पोकेनहून आली. फोटो घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो खिडकीशी.
काय येतंय?
हात पुसून मी शेजारी बसले.
लख्ख ऊन. नदी टोचत होती डोळ्यांना.
मी डोंगरातली. आमच्याकडे गवताच्या गाड्या,
जहाजातलं मला काय कळतं.
मोठं आहे, म्हटलं. निळं.
भरलंय की रिकामं?
माहीत नाही.
लाल पट्टा दिसतोय?
नाही.
मग भरलंय. नाव?

नाव लांब होतं. मी म्हटलं, लेम्पी.

मार्कर वहीवर टेकलाच नाही.
भिंतीकडे बघत तो म्हणाला,
डोळे गेलेत माझे. कान आहेत.
भोंगा वाजतो म्हणजे धुकं असतं
एवढं मला झोपेतही कळतं.
धुक्यात ती माझ्याकडे सगळ्यात जास्त जहाजं आणायची.
आज भोंगा नाही. आज खरं वाच.

मी दुर्बीण आणली. एकेक अक्षर वाचलं,
बारा अक्षरं, जपानी असावीत.
माझा उच्चार त्यानं चार वेळा सुधारला.
तेवढ्यात सूप लागलं बुडाला.
रात्री सगळ्यांनी ते तसंच खाल्लं,
फक्त मिसेस टॉलमननं मीठ मागितलं.

मग मंगळवार. नदीवरून धुकं वर चढलं,
कुंपण गेलं, पायरी गेली.
लांब कुठेतरी भोंगा सुरू झाला, गाय हंबरावी तसा.
तो आधीच बसला होता. शेजारची खुर्ची ओढलेली.
काय येतंय?

मी बाहेरच्या पांढऱ्याकडे नीट पाहिलं.
माझ्या एका मावशीचं नाव सांगितलं,
पारास्किवा,
जिनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.
स्पेलिंग त्यानं दोनदा विचारलं.

भरलेलं?

भरलेलं, म्हटलं. खूप खाली बसलंय पाण्यात.