बारांत नसलेला

यास्फे, नीळ, पाचू, पुष्कराज...
स्वर्गीय नगरीच्या तटाचे बारा पाये
मी आयुष्यभर चढत्या आवाजात वाचत आलो
भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये,
आधी लोकोशेडचा फिटर असताना, आता नुसता घंटा वाजवणारा.
तुझा दगड त्या बारांत नाही, टबीथा.
मी दोनदा तपासलं.

जळगावच्या सराफाने तर चाकूचं टोक लावलं.
पांढरा ओरखडा उठला, तो हसला.
"हा अंगठीत नाही टिकायचा, काका."
रुमालात बांधून परत आणला.

सावद्याच्या खाणीतून आणला होतास,
सेकंड इयरच्या सहलीत, जेवणाच्या डब्यात,
भरताच्या वासासकट.
काळ्या फत्तराच्या पोकळीत
पिकल्या पपईच्या रंगाचे, किंचित कलंडलेले चौकोन,
खाली चिकटपट्टीवर तुझं बारीक अक्षर: चॅबझाइट.
मला वाटलं, इंजिनाचा एखादा पार्ट असावा.

त्याच रात्री ओट्यापाशी चिमट्यात टेस्ट ट्यूब धरलीस,
आत त्याचा एक कण, खाली गॅस बारीक.
"बाबा, बघा. दगडाला घाम."
काचेच्या वरच्या, थंड भागावर खरंच थेंब.
आई म्हणाली, फुटेल ती नळी.
तू म्हणालीस, याच्या आत खोल्या असतात, इतक्या लहान
की पाणीच काय ते राहू शकतं.
तापवलं की ते निघून जातं.
"मग पडतात खोल्या?"
"नाही ना! तीच तर गंमत. उभ्या राहतात, रिकाम्या.
हवेत ओल आली की पुन्हा भरतात."
मी म्हणालो, बरं. आणि जेवायला बसलो.

पुढचं मला नीट सांगता येत नाही.
रेल्वे हॉस्पिटल. कावीळ. नवव्या दिवशी
मी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं, तुझ्या आईलासुद्धा,
गुडघे टेकले, यापोच्या माडीवर पेत्राने टेकले होते तसे,
आणि तेच दोन शब्द म्हणालो.
टबीथे, ऊठ.
तुझं नाव ठेवलं त्या दिवसापासून ते जणू जिभेखाली होते.
पंखा फिरत राहिला.
मग सिस्टरने दार ढकललं.

त्याला सहा वर्षं झाली. माझ्यात प्रार्थना नाही.
पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही.
भांबळ मास्तरांना थोडं कळलं असावं,
ते शेजारी येऊन बसतात आणि गीताचं पान काढून
पुस्तक माझ्या हातात देतात.
प्रभुभोजनाचा प्याला येतो, ओठ लावतो, पुढे देतो.
पहिली दोन वर्षं वाटायचं, मी ढोंगी.
दोराला लोंबकळणारा ढोंगी.

यंदाच्या मे महिन्यात सेहेचाळीस अंश.
कूलरचं पाणी दुपारीच दोनदा संपायचं,
तापीकडून यायचा तो वाराही भट्टीतला.
खिडकीतला तुझा दगड उचलला, तर
तव्यावरून काढलेल्या कळण्याच्या भाकरीसारखा गरम.
कानाशी धरला. वेडेपणाच.
आत थेंब नसणार. आणि एक कोपरा ढळलेला नाही.

मग प्रभो, एवढंच मागत होतास का?
तू निघून गेल्यावर
(गेलास की नाही, ते मला माहीत नाही)
भिंती आत ओढून घ्यायच्या नाहीत,
तुझ्या खोल्या दुसऱ्या कुणाला भाड्याने द्यायच्या नाहीत?

उत्तर आलं नाही. सुरतेची पॅसेंजर गेली,
खिडकीच्या काचा थोड्या वाजल्या.
दगड पुन्हा जागेवर ठेवला,
चिकटपट्टी सुटत चालली होती, ती अंगठ्याने दाबली.

रविवारी सव्वासातला दोर धरतो.
सात ठोके, मग थांबून तीन. तू होतीस तेव्हा होते तेवढेच.
दोर सोडताना तळवे ओले असतात.
घाम असेल.
मी ते लगेच पुसत नाही.