कल

पालिओ, दोन हजार चारची. मी तिसरा मालक,
कागदावर दुसरा. इंजिन अजून खणखणीत,
पण वळण आलं की जेवण जड झालेल्या माणसासारखी
एका कुशीवर व्हायची.

नाना पेठेत नजीरभाईनं गाडी वर घेतली,
खाली वाकला, बार हातानं खुळखुळवला.
"बुश गेलेत. बार नुसता नावाला.
डावं चाक दबतं, उजव्याला पत्ताच नसतो."
मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं.
तो हसला नाही. त्याला सतराचा पाना सापडत नव्हता.

नवा बार भोसरीहून आला, गेल्या आठवड्याच्या पेपरात गुंडाळून.
जुना अठराचा, हा बावीसचा. चार मिलिमीटर:
एवढ्यावरून कुणी भांडतही नाही,
पण पिळाच्या हिशेबात दुपटीहून जास्त.
काळे पॉलीयुरेथेनचे बुश, त्यांचं ग्रीस वेगळं,
पांढरट, हातावरून दोन दिवस जात नाही.
बॉनेटखाली दोन्ही स्ट्रटच्या डोक्यांवर आडवी ब्रेस,
दोन भावांच्या खांद्यांवर ठेवलेल्या बांबूसारखी.

लिंकचे नट त्यानं बोटांनीच लावून सोडले.
"लटकलेल्या गाडीला शेवटचा पीळ द्यायचा नाही.
चाकं जमिनीवर येऊ द्या. वजन अंगावर घेतलं
की मग आवळायचं.
नाहीतर रबर जन्मभर वाकडं बसतं."
हे मी बिलाच्या मागे लिहून घेतलं.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

रविवारी सहाला, एकटाच, बोपदेव घाट.
तिसऱ्या वळणाला मी सवयीनं दाराला धरलं
आणि धरायला काही कारणच नव्हतं.
डॅशबोर्डवरची आवळासुपारीची डबी जागची हलली नाही.
वर पोचून गाडी बंद केली,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून
बॉनेटवर दोनदा थोपटलं.

चौदा तारखेला सासवड कोर्ट.
डावीकडून आई बसली, बिबवेवाडीला.
उजवीकडून गोदूमावशी, कोंढव्याला.
दीड एकर अंजीर, सात वर्षं, सख्ख्या बहिणी.
दोघींना दोन वकील परवडतात, दोन गाड्या नाही.

आधी कसं व्हायचं:
पहिल्या वळणाला आई मावशीवर.
"सरक की गं." "मी कुठं सरकू, दारात?"
दुसऱ्याला मावशी आईवर, पिशवीसकट.
चौथ्यापर्यंत कुणीतरी कुणाचा तरी दंड धरलेला असायचा,
आणि माथ्यावर, चहाच्या टपरीच्या जरा आधी,
"गुडघा कसाय तुझा?"
महिन्यातलं सगळं बोलणं एवढंच.

या खेपेला
गाडी रुळावरून गेल्यासारखी चढली.
आई तिच्या खिडकीत, मावशी तिच्या खिडकीत,
मधल्या सीटवर दोघींच्या फायली,
एकीचीही दुसरीला टेकली नाही.
मी आरशात बघत होतो.
टपरीवर चहा तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून प्यायला.
कोर्टात पुढची तारीख.

परतताना सोडवून आलो, आणि पार्किंगमध्ये
बराच वेळ नुसता बसून राहिलो.
साडेसात हजार मोजले होते.
डावी-उजवी जोडायला.

तर काल रात्री, पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी,
जॅक लावला. सतराचा पाना माझ्याकडे आहे.
एका बाजूची लिंक काढली, बार तारेनं बांधून ठेवला
की कुठं घासू नये. ब्रेस राहू दिली.
नजीरभाईला हे कळलं तर
मला गल्लीत पाऊल ठेवू देणार नाही.
घाटात तिसावर चालवीन. परत आलो की
चाकं जमिनीवर ठेवून, नीट, पुन्हा आवळीन.

आज सकाळी, पहिलं वळण.
आई म्हणाली, "गाडीला काय झालं रे?"
मावशी म्हणाली,
"गाडीचं राहू दे. तू आधी सरक."