चेनचं पाकीट

निघण्याआधी आठ दिवस कुंदा टेबलाशी बसून होती,
चेनच्या पाकिटात माझं हृदय भरत.
जिभेखालची गोळी, ईसीजीची झेरॉक्स,
पॉलिसीचा नंबर, आणि जाड अक्षरांत
'बी निगेटिव्ह. सल्फा चालत नाही.'
मी म्हणालो, इंदूरला चाललोय की आयसीयूत?

सराफ्यात रात्री साडेअकराला
गराडूचा द्रोण माझ्या हातात देऊन
ती खाली बसली. बसली म्हणजे,
बसायचं ठरवलं नव्हतं तिनं.

जिलेबीवाल्यानं कढईखालचा गॅस बंद केला.
कुणी स्टूल आणलं, कुणी रिक्षा.
मी पाकीट छातीशी धरून उभा,
दुसऱ्या हातात अजून द्रोण.

इस्पितळात पोरसवदा डॉक्टर विचारत गेला,
'माताजी का ब्लड ग्रुप?
कोई दवा चलती है?
किसी चीज से एलर्जी?'

चेन उघडली.
सगळे कागद माझेच.

अडतीस वर्षं,
आणि मला एवढंच आठवलं
की वांगं खाल्लं की तिच्या घशाला खाज सुटते.

त्यानं तेही लिहून घेतलं.