पाठ

चेहरे माझ्या ध्यानात राहत नाहीत.
वाफेत सगळे सारखेच, सोललेल्या अंड्यासारखे.
पाठी मात्र मला पाठ आहेत.

तिबिलिसीतलं हे न्हाणीघर किती जुनं?
मालक दर पाहुण्याला वेगळं शतक सांगतो.
पाणी डोंगराच्या पोटातून कढतच येतं,
त्याला कुणी वय विचारत नाही.

आज तिसऱ्या खोलीत, विटांच्या घुमटाखाली,
एक बाई ओट्यावर पालथी पडली.
डाव्या खांद्याखाली मनुकेएवढा तीळ.
"एतेरी," मी म्हटलं, "अकरा वर्षं कुठे होतीस?"
"इटलीत. एका म्हातारीला न्हाऊ घालत होते.
तिथलं पाणी नळाचं. वास नाही, काही नाही."

इथे वास आहे. गंधकाचा.
माझ्या पावाला, उशीला,
नवऱ्याच्या खुंटीवरच्या कोटालासुद्धा.
चांदीचे डूल काळे पडतात, म्हणून बायका
ते आधीच माझ्या खिशात टाकतात.

खरबरीत मोजा फिरवला
तशा राखाडी वळ्या सुटू लागल्या.
"बघ गं, किती परदेश निघाला!"
ती हसली. हसता हसता थांबली.
मी बादली ओतत राहिले.
इथे सगळंच ओलं असतं.

मग ती उठून बसली.
"दे तो मोजा, लामारा. पड पालथी."

एकतीस वर्षांत
हा ओटा मी पोटाखाली घेतला नव्हता.
ऊन होता, बाळंतिणीच्या खाटेसारखा.

माझी पाठ मी कधी पाहिलेली नाही.
तिने पाहिली. बोलली काही नाही,
फक्त एका जागी
जरा हळू घासलं.