अंशतः

वाल्दिव्हियात नदीकाठी, मासळीबाजारावरच्या माळ्यावर
आमचं ऑफिस : चार फोन, एक हीटर
आणि चार वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्यांची यादी.
मी विचारते : नोकरी आहे का?
शिकलात त्यातलीच?
महिन्याला हातात किती पडतात?

खाणकामवाला आकडा सांगतो चटकन,
जणू ते त्याचं आडनावच.
दंतवैद्यक थोडा कमी करून सांगते, आवाजावरून कळतं.
नाट्यशास्त्र आधी हसतं, मग म्हणतं,
"कुठल्या महिन्याचा सांगू?"

ओरियाना सेपुल्वेदा, तत्त्वज्ञान.
टायरच्या दुकानात हिशेब लिहिते.
"विषयाशी संबंधित?"
बराच वेळ ती गप्प. मागे हवा भरल्याचा आवाज.
"अंशतः लिहा.
गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी विचारच करत असते."
अंशतः असा रकाना नाही.
मी 'नाही'वर खूण केली
आणि तिला 'आभारी आहे' म्हटलं, कागदावर छापलंय तसं.

अनिबाल कायुपानचा फोन त्याची आई उचलते.
तो सामनच्या पिंजऱ्यांवर, पाणबुड्या,
फाटलेली जाळी शिवतो पाण्याखाली.
"सागरी जीवशास्त्र शिकलाय माझा.
माशांतच आहे की!"
त्या 'की'पुढे माझं काही चालेना.
लिहिलं 'होय'.
कुठल्याशा तक्त्यात सागरी जीवशास्त्र
एका आईएवढं वर सरकलं असेल.

खिडकीखाली समुद्रसिंह धूड टाकून पडलेत,
कापलेल्या माशांची डोकी कधी येतात बघत.
"शंभर टक्के रोजगार," गुस्मान म्हणतो.
तो भूगोलातला. शेजारचं टेबल.

डिसेंबरात तक्ता छापून येईल.
कुणी सतरा वर्षांची पोर
जेवणाच्या टेबलावर त्यावरून बोट फिरवेल, वरून खाली.
बाप चष्मा लावून, खालून वर.
दोघांची बोटं एका ओळीवर येतीलच असं नाही.

आज यादीत माझंच नाव निघालं.
पुरातत्त्व.
नियम म्हणजे नियम : गुस्मानने दोन हातांवरून फोन लावला,
घसा खाकरून, अगदी परका होऊन.
"नोकरी आहे का?"
"नोव्हेंबरअखेरपर्यंत."
"विषयाशी संबंधित?"
मला ओरियानाच्या दुकानातली ती हवा ऐकू आली.
"रोज थोडं थोडं उकरते," मी म्हटलं,
"ब्रशने. मोडू नये म्हणून."

त्याने कुठेतरी खूण केली.
कोपराने कागद झाकून.